चार मैत्रिणी, चार दिवस आणि शिवणाचं शिबिर

प्रश्न असा आहे: "सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघी एकाच वर्गात क्विल्टिंग, म्हणजे तुकडे जोडून गोधडीसारखी थरांची शिवण, शिकलो. आता चौघी चार ठिकाणी आहोत. पुढच्या महिन्यात चार दिवसांच्या क्विल्टिंग शिबिरात भेटायचं ठरतंय. मी विमानाने जाणार आहे. कार्यशाळा कोणत्या निवडू? मशीन नेऊ का? तयारी काय करू? आमच्यातली एक फार पुढे गेली आहे, एकीने शिवण जवळजवळ सोडलंय आणि एकीची बोटं आता दुखतात. सगळ्यांचं जमेल का?"

जमेल, पण वेळापत्रक आजच अर्धं रिकामं करा. मी अशा शिबिराला पहिल्यांदा गेले तेव्हा चार दिवसांत पाच कार्यशाळा भरल्या होत्या. पैसे दिलेत तर सगळं घ्यायचं, असा हिशेब. परत आले ती चार अर्धवट क्विल्ट घेऊन, त्यांतले दोन आजही खोक्यात आहेत. आणि ज्या मैत्रिणींसाठी एवढी धडपड केली, त्या मला भेटल्या फक्त इस्त्रीच्या रांगेत. "काय चाललंय?" "बरं चाललंय." संपलं. तेव्हापासून माझा नेम असा, की चार दिवसांच्या मुक्कामात एक मोठी कार्यशाळा आणि फार तर एक अर्ध्या दिवसाची. उरलेला वेळ मोकळ्या शिवणाचा, म्हणजे एकाच टेबलाभोवती आपापलं काम घेऊन बसायचं. गप्पा त्याच वेळात होतात. हात गुंतलेले असले की माणूस जास्त मोकळं बोलतं, हे शिवणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

आता ती एक कार्यशाळा कोणती घ्यायची? यादीत सगळ्यात आकर्षक फोटो असतो तो रंगीबेरंगी नक्षीच्या क्विल्टचा. तो सहसा सोडून द्या. तुकडे जोडायचा नवा नमुना पुस्तकातून शिकता येतो, व्हिडिओ थांबवत थांबवत शिकता येतो. प्रवास करून जायचं ते शिकवणाऱ्याने तुमच्या हाताकडे बघावं म्हणून. त्यामुळे चूक हातात असते आणि स्वतःला दिसत नाही, अशी तंत्रं निवडा. माझ्या मते अशी तीन आहेत: हाताने क्विल्टिंग करणं, हाताने ॲप्लिक करणं (म्हणजे कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार शिवणं) आणि मशीनवरचं फ्री-मोशन क्विल्टिंग.

हाताच्या टाक्याचं उदाहरण घ्या. मी कित्येक वर्षं 'बिट्वीन' सुया, म्हणजे हाताने क्विल्टिंग करायच्या आखूड सुया, 10 नंबरच्या, म्हणजे चांगल्या बारीक, वापरत होते, अंगुस्तानही घालत होते, तरी इंचाला 5-6 टाक्यांच्या पुढे जात नव्हते. टाके वरून सारखे, खालून तोकडे. एका कार्यशाळेत बाई माझ्याजवळ आल्या, वरच्या हाताकडे बघितलंही नाही, थेट फ्रेमखाली वाकल्या. म्हणाल्या, "खालचं बोट सुईला घाबरतंय." खरंच होतं. सुईचं टोक खाली जाणवलं की मी बोट मागे घ्यायची. खरं तर त्याच बोटाने कापड वर ढकलून सुईला परत वाट द्यायची असते. दोन मिनिटांचं काम, पण ते कुठल्याही व्हिडिओत दिसलं नसतं, कारण व्हिडिओत माझं बोट नव्हतं. आता इंचाला 8-9 टाके सहज पडतात.

फ्री-मोशनचंही तसंच. त्यात मशीनचे दाते खाली करतात आणि कापड आपल्या हाताने फिरवतात. मशीनचा वेग आणि हाताचा वेग यांचा मेळ बसला नाही की टाके कुठे दाणेदार, कुठे लांबलचक. वळणावर हात मशीनच्या पुढे पळाला की कापडाच्या उलट बाजूला पापण्यांसारखे दोरे लोंबतात. घरी आपण ताणाचं चाक फिरवत बसतो. शेजारी उभं राहून ऐकणारी बाई मशीनच्या आवाजावरून सांगते की ताण ठीक आहे, तुम्ही वळणावर घाई करताय. ही कार्यशाळा घेणार असाल तर घरून 14 इंची चौरसाचे चार 'सँडविच' करून न्या: वर साधं कापड, मध्ये तुम्ही नेहमी वापरता तेच बॅटिंग (मधला भरावाचा थर), खाली अस्तर. बॅटिंग घरचंच हवं. तिथे जाड पॉलिएस्टरवर हात बसवलात आणि घरी पातळ कॉटनवर शिवायला बसलात, तर पुन्हा अंदाज घ्यावा लागतो. आणि जायच्या आधी आठवडाभर रोज दहा मिनिटं कागदावर पेन्सिल न उचलता वेटोळी काढा. पोरखेळ वाटेल, पण हाताला पुढची वाट आधी ठाऊक असते तेव्हाच डोळा निवांत राहतो.

कार्यशाळेतून तयार क्विल्ट घेऊन यायचंच, असा हट्ट मात्र धरू नका. वर्गात 'पूर्ण करण्याच्या' मागे लागलेली बाई एकच कृती चाळीस वेळा करते आणि बाकीचं शिकायचं राहून जातं. मी वर्गात फक्त नमुने करते: हातभर तुकडा, त्यावरच पुसट न होणाऱ्या पेनने सुईचा नंबर, दोऱ्याची जाडी, टाक्याची लांबी आणि "हे चुकलं, का चुकलं" हे लिहून ठेवते. चुकलेला नमुना टाकत नाही. माझ्याकडे अशी एक जाडजूड फाईल आहे आणि मी पुस्तकांपेक्षा तीच जास्त उघडते.

मशीनबद्दल. गाडीने जाणार असतात तर म्हटलं असतं, स्वतःचं न्या. विमानाने जाताय तर शिबिरात मशीन मिळतं का विचारा आणि तेच घ्या. सिंगरचं 221, ज्याला सगळे 'फेदरवेट' म्हणतात, ते 1933 साली बाजारात आलं आणि त्याचं वजन जेमतेम 5 किलो आहे. अजूनही शिबिरांना जाणाऱ्या बायका ते शोधून शोधून घेतात ते यासाठीच. पण ते फक्त सरळ टाका घालतं आणि तेसुद्धा सामानाच्या पोटात टाकायची वस्तू नाही. न्यायचंच ठरलं तर सुई काढा, दाबपट्टी खाली करून तिच्याखाली कापडाची घडी ठेवा, बॉबिन काढून घ्या. परदेशात जात असाल तर मशीनच्या तळाची पट्टी वाचा: काही देशांत वीज 110-120 व्होल्टची, काहींत 220-240 ची, आणि प्लगचा नुसता आकार बदलणाऱ्या अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही. आणि पेडल! एकदा मी मशीन फुलासारखं जपून नेलं आणि पेडल घरच्या टेबलाखालीच राहिलं. पहिला दिवस दुसऱ्यांचे धागे कापण्यात गेला.

दुसऱ्याच्या मशीनवर बसल्यावर सगळ्यात आधी पाव इंचाची परीक्षा घ्या. क्विल्टिंगमध्ये सगळं या पाव इंच मायेवर, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या कापडावर, उभं असतं आणि प्रत्येक मशीनचा पाव इंच वेगळा असतो. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा, मोजा. पूर्ण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर एक इंच आली पाहिजे. कमी आली तर माया जास्त पडतेय. एक षोडशांश इंच म्हणजे मोजक्या दोऱ्यांचा फरक, पण तो शिवणीच्या दोन्ही बाजूंना खातो, म्हणजे एका शिवणीला एक अष्टमांश. ओळीत आठ शिवणी असल्या की पूर्ण एक इंच गायब. मग शेजारणीचे कोपरे जुळतात, आपले जुळत नाहीत, आणि आपण स्वतःला दोष देत बसतो. खरं तर पाव इंचाला एखादा दोरा कमीच हवा, कारण घडी वळताना थोडं कापड तिच्यात जातं. परीक्षेत जुळलं की मशीनच्या पाट्यावर त्या रेघेला कागदी चिकटपट्टी लावून टाका. सुया स्वतःच्या न्या, 80 नंबरच्या आणि काही 90 च्या. बॉबिन मात्र नेऊन उपयोग नाही. ती मशीनगणिक वेगळी असते, जवळपास सारखी दिसणारी चुकीची बॉबिन बसतेही आणि मग दिवसभर छळते.

विमानाच्या सामानात रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा कापड कापायचा कटर), त्याची पाती आणि मोठी कात्री कायम खाली जाणाऱ्या बॅगेत. पात्याला टोपण, वर चिकटपट्टी. थर चिकटवायचा ज्वालाग्राही स्प्रे कुठल्याच बॅगेत चालत नाही, टाचण्या किंवा वक्र सेफ्टी पिना न्या. बॅटरीवर चालणारा दिवा असेल तर सुटी लिथियम बॅटरी हातातल्या पिशवीत. तुम्ही शिवलेलं काहीही, मग ते अर्धवट का होईना, हातातच ठेवा. बॅग हरवली तर कपडे पुन्हा मिळतात. शिवलेलं काम प्लॅस्टिकमध्ये न घालता उशीच्या अभ्र्यात गुंडाळा आणि मागच्या बाजूला नाव-वर्ष लिहिलेली चिंधी शिवलेली असू द्या.

कापड घरीच धुऊन, इस्त्री करून, कापून न्या. वर्गाच्या यादीत "कापून आणा" लिहिलेलं असतं, आणि निम्म्या जणी ते वर्गात करतात. सहा तासांच्या वर्गातले दोन तास कापण्यात जातात आणि कापायला येतं तुम्हाला. प्रत्येक आकाराच्या गठ्ठ्यावर मापाची चिठ्ठी टाचा. दोन त्रिकोणांचे चौकोन लागणार असतील तर हिशेबाचं माप, म्हणजे तयार मापापेक्षा सात अष्टमांश इंच जास्त, धरू नका. पूर्ण एक इंच जास्त धरा आणि शिवल्यावर छाटा. 3 इंची तयार चौकोनासाठी 4 इंची तुकडे, शिवून छाटायचं साडेतीनवर. थोडं कापड वाया जातं, पण अनोळखी मशीनवर तेच वाचवतं. रंगांबाबत एकच सांगते: ठेवलेल्या कापडांचा फोनवर फोटो काढून तो काळापांढरा करा. सगळं एकाच राखाडीत मिसळलं तर एखादं खूप फिकं आणि एखादं खूप गडद कापड जास्तीचं घ्या. सभागृहातल्या दिव्यांखाली मधल्या छटा आणखीच एकसारख्या दिसतात.

परत येताना बॅग जड होणारच. सूती क्विल्टिंग कापड मीटरला साधारण 150 ते 170 ग्रॅम भरतं. सहा मीटर म्हणजे एक किलो. जाताना बॅगेत किती किलो मोकळे आहेत ते आधी ठरवा, दुकानात नाही. दुकानात बुद्धी कुठे जाते ते मला बावीस वर्षांत कळलेलं नाही.

आता मैत्रिणींचं, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा काळजीचा भाग तोच दिसतोय.

जी पुढे गेली आहे तिच्यासोबत एकाच वर्गात बसू नका. निदान मोठ्या वर्गात तरी नाही. ती न सांगता तुम्हाला मदत करायला लागेल, तुम्ही बाईंऐवजी तिचं ऐकाल, आणि दुपारपर्यंत कुणीतरी दुखावलेलं असेल. मी या दोन्ही बाजूंना बसून झालेलं आहे. पुढे गेलेली असतानासुद्धा मला वाटायचं मी प्रेमाने सांगतेय. मैत्रीण एकदा शांतपणे म्हणाली, "माझी शिवण उसवायचा हक्क माझा आहे." वेगवेगळे वर्ग घ्या आणि संध्याकाळी एकमेकींना एकच गोष्ट शिकवा, जी त्या दिवशी नवीन कळली. अशा वेळी चौघीही सारख्याच नवशिक्या असतात. वर्गात मिळालेल्या छापील कागदांच्या प्रती मात्र वाटू नका, तो त्या शिकवणाऱ्याच्या पोटापाण्याचा भाग आहे. तंत्र सांगा, कागद नको. आणि दुसऱ्याच्या क्विल्टचा फोटो विचारून काढा.

जिची बोटं दुखतात तिला रोटरी कटरपासून दूर ठेवा. मोजपट्टीवर जोर देऊन दाबणं आणि कटर रेटणं, या दोन गोष्टींनी अंगठ्याच्या मुळाचा सांधा सगळ्यात आधी बोंबलतो. तिचे तुकडे तुम्ही तिघी वाटून कापून न्या. पण तिला "तू नुसती बस" म्हणू नका, त्याच्याइतकं वाईट काही नसतं. कापडाचे तुकडे लावून रंग बघायची भिंत तिच्या ताब्यात द्या. कुठला तुकडा कुठे, हे ठरवायला डोळा लागतो, अंगठा नाही. शिवायचंच असेल तर मशीनवर, आणि पेडल पायाने चालतं हे किती बरं. हाताच्या टाक्यांसाठी जाडसर दोरा, मोठ्या नेढ्याची सुई आणि लांब टाका, ज्याला 'बिग स्टिच' म्हणतात, तो तिला झेपेल. तिला आणि तुम्हालाही एक नियम: पाऊण तासाने उठायचं. फोनवर घंटा लावा. सभागृहातली टेबलं शिवायच्या उंचीची नसतात, खुर्चीवर उशी ठेवली नाही तर दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

जिने शिवण सोडलंय तिला का सोडलंस विचारू नका. ती सांगेल तेव्हा सांगेल. तिला मशीनच्या वर्गात नाव घालायचा आग्रहही नको. तिच्यासाठी कागदावर दुमडून शिवायचे षटकोन घेऊन जा: एक इंच बाजूचे कागद, त्यावर घडी घालून टाचलेलं कापड, एक सुई, एक रिळ. चार दिवसांत सात षटकोनांचं एक फूल होतं, नाही झालं तरी बिघडत नाही. ते काम हातात असलं की ती टेबलावर पाहुणी वाटणार नाही.

आणि चौघींसाठी मिळून एक काम. 1840 च्या दशकात अमेरिकेत मैत्री-क्विल्टची मोठी लाट आली होती. दूर निघालेल्या बाईला मैत्रिणी आणि नातलग आपापल्या नावाचा एकेक तुकडा शिवून देत, शाईने सही करून, कधी दोन ओळी लिहून. कापड न खाणारी टिकाऊ शाई मिळू लागल्यामुळे ही पद्धत फोफावली. आधीच्या लोहयुक्त शाया कालांतराने कापडाला भोकं पाडत. तुम्ही तेच करा. प्रत्येकीने एकाच नमुन्याचे चार तुकडे शिवायचे, मध्ये फिक्या कापडाची पट्टी. तीन तुकडे वाटायचे, एक स्वतःला. चौघींकडे चार-चार तुकडे, चारही हातांचे.

यात एक खाच आहे. चौघींचा पाव इंच चार प्रकारचा. "साडेसहा इंची करून आणा" म्हटलंत तर चार वेगवेगळी साडेसहा इंच येतील. म्हणून सगळ्यांना सांगा, बाहेरची चौकट रुंद ठेवून 7 इंची आणा, आणि तिथे एकाच मोजपट्टीने, एकीनेच, सोळाही तुकडे साडेसहावर छाटायचे. पट्टीसुद्धा एकच, कारण दोन कंपन्यांच्या पट्ट्यांच्या रेघांची जाडी वेगळी असते. छाटायचं काम पुढे गेलेल्या मैत्रिणीला द्या, तिला आवडेल.

सही करताना कापडाच्या फिक्या पट्टीच्या मागे फ्रीझर पेपर (एका बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेला कागद) इस्त्रीने चिकटवा, म्हणजे कापड पेनाखाली सरकत नाही. पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या, पेन दाबू नका, सावकाश ओढा. काठापासून अर्धा इंच मोकळा सोडा, नाहीतर आडनाव शिवणीत जातं. माझ्याकडच्या एका तुकड्यावर एका मैत्रिणीचं नुसतं पहिलं नाव उरलंय. आधी चिंधीवर लिहून, वाळवून, धुऊन बघा. लिहून झाल्यावर एक दिवस वाळू द्या, मग कोरडी इस्त्री फिरवा.

यासाठी तिसरी संध्याकाळ राखून ठेवा. पहिल्या संध्याकाळी सगळ्या दमलेल्या असतात आणि शेवटच्या संध्याकाळी निम्मं लक्ष बॅगेत असतं. जिने शिवण सोडलंय तिने चार तुकडे करून आणलेच नाहीत, असंही होईल. म्हणून तिच्या वाटणीचे चार तुकडे तुम्ही कोऱ्या पट्टीसह जास्तीचे शिवून न्या आणि पिशवीच्या तळाशी ठेवा. तिने आणले तर ते बाहेर काढायचे नाहीत. नाही आणले तर काही न बोलता तिच्यासमोर ठेवा, शेजारी पेन.